रिकामी खाट आणि भरलेले कोठार

घोड नदीकाठच्या या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगातील त्या वस्तीत पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराशेजारी धान्याचे कोठार सापडले. एखाद्या हिशेबनिसाला सुगीनंतर त्यात पडून असलेले धान्य म्हणजे अडकलेले भांडवल वाटले असते. अवर्षणात त्याचे मोल कळले असते.

रुग्णालयातील रिकाम्या खाटेविषयी आजचे नियोजन त्या हिशेबनिसासारखेच बोलते. मैदानी भागात ५,००० लोकसंख्येमागे उपकेंद्र व ३०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी निकष. बारा महिन्यांसाठी एकच आकडा! शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात गळीत हंगामात तोडणी मजुरांच्या टोळ्या उतरतात. कोयत्याची जखम, कोपीतले बाळंतपण, पोराचा ताप हे सारे त्या चार-पाच महिन्यांत दाटते, आणि टोळ्या परतल्या की ओसरते. सरासरीला यातले काहीच दिसत नाही.

रांगेचे गणित डेन्मार्कच्या एर्लांग यांनी १९०९ साली टेलिफोनसाठी मांडले. १९५२ मध्ये इंग्लंडात नॉर्मन बेली यांनी ते बाह्यरुग्ण विभागाला लावले. समजा, एक डॉक्टर तासाला सरासरी १२ रुग्ण तपासू शकतो. रुग्णांचे येणे आणि तपासणीचा वेळ दोन्ही अनियमित असतील, तर तासाला १० रुग्ण आल्यास रांगेत सरासरी २५ मिनिटे जातात. ११ आल्यास ५५. रुग्ण वाढले एक दशांशाने, ताटकळणे दुपटीहून अधिक! डॉक्टर क्षणभरही रिकामा नको, असा आग्रह धरणाऱ्या ‘कार्यक्षमते’ची ही किंमत आहे. ती रुग्णालयाच्या खतावणीत चढत नाही. मजूर स्त्रीच्या बुडालेल्या रोजात चढते. दोनदा रोज बुडाला की तिसऱ्यांदा ती येत नाही, आणि नोंदवहीवर बेतलेले प्रतिमान निष्कर्ष काढते की गरज घटली.

याच तालुक्यात वढू येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून २२ गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची नोंद ठेवली. मोजणी उंबरठ्यापासून सुरू करता येते, याचा हा पुरावा. कार्यकर्त्यांनी हंगाम लागताच आपापल्या शिवारातील कोप्या मोजाव्यात, त्यांतील गरोदर स्त्रिया व लहान मुले यांची यादी करावी आणि त्या आकड्यानिशी हंगामापुरती वाढीव परिचारिका व औषधसाठा जिल्हा परिषदेकडे मागावा.