पेन्शन मिळते, काम शोधावं लागतं

(कणकवली येथे मे महिन्यात व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मे महिन्यात कणकवलीत व्याख्यान ठेवलं की सभागृह भरतं, कारण मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात. त्यातले बरेच जण मनातल्या मनात हिशेब मांडत असतात. नोकरीची अजून किती वर्षं, फंड किती मिळेल, गावच्या घराला पुढे पडवी काढायची, मागे चार कलमं लावायची. हिशेब चोख असतो. फक्त एक रकाना कोरा राहतो : सकाळी उठून करायचं काय?

पहिले सहा महिने बरे जातात. घर रंगवून होतं, राहिलेली लग्नं-बारशी होतात, सातबाऱ्यावरच्या नावांवरून भावाशी एकदा वाजतंही. मग पेपर आठ वाजताच वाचून संपतो. मुंबईत सोसायटीचा सेक्रेटरी असलेला माणूस वाडीची शिस्त सुधारायला निघतो, आणि वाडी त्याला टाळू लागते. खुर्ची सुटलेली असते, पण बसण्याची सवय सुटलेली नसते.

याउलट धोंडो केशव कर्वे पाहा. आपल्याच कोकणातले, दापोलीजवळच्या मुरुडचे. 1914 साली ते फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. वय 56. दोन वर्षांनी, 1916 साली, त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. त्याच्या निधीसाठी सत्तरी गाठलेला हा माणूस परदेशात हिंडला. 1936 साली, 78व्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी आणखी एक मंडळ सुरू केलं. 1958 साली भारतरत्न मिळालं तेव्हा ते शंभर वर्षांचे होते. त्यांचं निम्मं काम सेवापुस्तक बंद झाल्यानंतरचं आहे.

आता आणखी जवळ या. इथून हाकेच्या अंतरावर, वागद्याला, गोपुरी आश्रम आहे. अप्पासाहेब पटवर्धनांनी तो 1948 साली उभा केला. जन्म 1894चा, म्हणजे वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. सरकारी कारकून ज्या वयात रजेचे दिवस मोजू लागतो, त्या वयात या माणसाने मेलेल्या जनावरांच्या कातड्याचं काम, मैल्याचं खत आणि स्वच्छ संडास यांसाठी आश्रम थाटला. तत्त्वज्ञान शिकवलेला हा माणूस. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम मिळावं म्हणून त्याने अन्न सोडलं होतं, आणि त्याच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपास धरला होता.

अप्पासाहेबांकडून आपण घ्यावं ते एवढंच : ज्या कामाला रांग नाही, ते काम धरावं. देवस्थान समितीला रांग आहे, सोसायटीच्या चेअरमनपदाला रांग आहे, व्यासपीठावरच्या खुर्चीला तर भलतीच आहे. शाळेच्या संडासाला पाणी येतं का, हे बघायला कोणी रांगेत उभं नाही. वाचनालयातली फाटकी पुस्तकं चिकटवायला नाही. शेजारच्या एकट्या म्हातारीला बँकेत नेऊन हयातीचा दाखला करून द्यायला नाही.

तुम्ही म्हणाल, ती माणसं मोठी. आम्हाला साखर आहे, गुडघे आहेत. कबूल. म्हणून एक लहान उदाहरण देतो. माझ्या परिचयाचे एक निवृत्त कारकून काजूची कलमं बांधतात. पिशवीतलं दोनेक महिन्यांचं रोप घ्यायचं, शेंडा छाटायचा, मधोमध उभी चीर द्यायची. चांगल्या झाडाच्या काडीला पाचरीसारखा तास देऊन ती चिरेत बसवायची, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट आवळायची, वर पिशवीची टोपी घालायची. साल सालीला लागली पाहिजे, नाहीतर काडी सुकते. हे बसल्या जागी होणारं काम आहे, गुडघ्याला त्रास नाही. वाडीतली मुलं शिकायला येतात. एखाद्या दिवशी हे बाहेर आले नाहीत, तर मुलं दारात उभी : ‘आजोबा, काल दिसूक नाय ते? बरा असा मा?’

ही चौकशी पेन्शनमध्ये मिळत नाही. अमेरिकेत हार्वर्डने 1938 पासून काही माणसांचं आयुष्य पिढ्यान्‌पिढ्या तपासलं. म्हातारपणी कोण सुखी आणि धडधाकट राहिलं, याचा शोध घेताना त्यांना पैशापेक्षा, नावलौकिकापेक्षा माणसांचे जवळचे संबंध जास्त भरवशाचे आढळले. आणि संबंध टिकतात ते एकमेकांच्या उपयोगी पडल्याने, नुसत्या गप्पांनी नव्हे.

इथे बसलेल्या भगिनी मघापासून हसताहेत, त्याचं कारण मला कळतं. बाईला निवृत्ती कुठे? नवरा घरी बसला की तिचा दुपारचा चहा दोनदा होतो. तेव्हा पुरुषांनी निवृत्तीनंतरचं पहिलं काम स्वतःच्या स्वयंपाकघरात शोधावं. भात लावता आला तरी घरातलं वजन वाढतं. आणि ज्याला पेन्शनच नाही, तो शेतकरी, तो मच्छीमार हात चालतात तोवर राबतो. निवृत्तीच्या गोष्टी करताना त्याचा विसर पडू देऊ नये.

आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ते 2011 या दहा वर्षांत वाढली नाही, उलट घटली. तरुण मुंबई-गोव्याला, गावात उरले जाणते. म्हणजे गावाला हातांची गरज आहे आणि रिकामे हात नेमके तुमचे आहेत. 2022 पासून 75 वर्षांवरील प्रवाशांना एस.टी. मोफत झाली, 65 नंतर अर्ध्या तिकिटात जाता येतं. सरकारने प्रवासाची सोय केली. जायचं कुठे, ते तुम्ही ठरवा.

शेवटी इथल्या संस्थांच्या तरुण कार्यकर्त्यांना एक विनंती. ज्येष्ठांना शाल-श्रीफळ देऊन पहिल्या रांगेत बसवलंत की तुमचं कर्तव्य संपलं असं समजू नका. त्यांना वार आणि वेळ ठरवून एक काम द्या, आणि ते आले नाहीत तर घरी निरोप पाठवा. आणि ज्येष्ठांनो, तो निरोप आला तर ‘कळवतो’ म्हणू नका. पिशवी उचला आणि निघा.