शेणखत, ह्यूमस आणि दारूगोळ्याचं विष

आपल्या रिद्धपुराकडे विहिरीला सुरुंग लावणं काही नवं नाही. पण जुन्या दारूगोळ्याची गोष्ट वेगळी. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ सोनेगाव (आबाजी) इथं जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला. सहा माणसं दगावली.

अशा जागी मातीत टीएनटी उरू शकतं. ते विषारी. मात्र मातीतला कुजका अंश, म्हणजे ह्यूमस, त्यावर काम करतो. जमिनीत हवा कमी असली, की तो लोहाकडून इलेक्ट्रॉन घेऊन टीएनटीला देतो. टीएनटीचं रूप पालटतं आणि ते ह्यूमसलाच चिकटून बसतं. ह्यूमसची ही देवघेवीची ताकद, लोह आणि सामू मोजून शास्त्रज्ञ वेगाचा अंदाज बांधतात. अमेरिकेत उमाटिला इथं १९९० नंतर अशी माती शेण मिसळून, कुजवून साफ केली. आरडीएक्स मात्र मातीला फारसं धरत नाही. पाझरून विहिरीत उतरतं.

तेव्हा मंडळी, हा प्रयोग घरी करायचा नाही. भंगाराच्या लोभानं तुकडा उचलू नका. दूर राहा, पोलिसांना कळवा. अशा जागेजवळ विहीर असेल, तर पाणी तपासून घ्या.