वडिलार्जित वस्तऱ्याचा जीर्णोद्धार

(संत सेना महाराज पुण्यतिथीनिमित्त लोणी काळभोर येथे समाजबांधवांसमोर केलेले भाषण)



आज श्रावण वद्य द्वादशी. सेना महाराजांच्या भक्तीविषयी बोलण्याचा अधिकार आमच्यासारख्या शाळामास्तराचा नव्हे. परंतु आपल्या धंद्यातील एका हत्याराची आजची अवस्था आपल्यापुढे मांडावी, एवढाच आमचा हेतू आहे. ते हत्यार म्हणजे माळ्यावरच्या धोकटीत गंजत पडलेला जुना वस्तरा.

आज आपल्या दुकानांतून सुटे पाते बसविण्याचा वस्तरा चालतो आणि गिऱ्हाईकागणिक पाते बदलले जाते. हे योग्यच झाले. कावीळ ‘ब’ व एड्स यांसारखे रोग रक्तातून पसरतात. म्हणून जुना वस्तरा गिऱ्हाईकाच्या गालाला पुन्हा लावू नये, हे आम्ही आरंभीच सांगून ठेवतो. परंतु काम सुटले म्हणून वस्तूची किंमतही सुटली काय? कित्येक घरांतून हे वस्तरे भंगारात वजनावर गेले. वर्गात वडिलांचा धंदा विचारला की आपली मुले आवाज उतरवून उत्तर देत, हे आम्ही अनेक वर्षे पाहिले आहे. ती लाज आणि ते भंगार यांचा संबंध आहे, असे आमचे नम्र मत आहे.

या वस्तऱ्याचा इतिहास लाजिरवाणा नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन यापुढे करावयाचे नाही, असा निश्चय झाला. हातावर पोट असणाऱ्यांनी मिळकतीवर पाणी सोडून हा निश्चय केला. वस्तरा चालविण्यात कसब आहे. तो योग्य वेळी खाली ठेवण्यात त्याहून मोठेपणा आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पुष्कळ जुन्या वस्तऱ्यांवर इंग्लंडातील शेफिल्ड किंवा जर्मनीतील सोलिंगेन या गावांची नावे कोरलेली आढळतात. शेफिल्ड येथे बेंजामिन हंट्समन याने अठराव्या शतकाच्या मध्यास मुशीत पोलाद वितळविण्याची रीत बसविली. दक्षिण हिंदुस्थानास मुशीतील पोलादाची विद्या त्याच्या कित्येक शतके आधीपासून अवगत होती. पात्याच्या मुळाशी असलेला हा छाप म्हणजे वस्तऱ्याची जन्मपत्रिका होय. तो घासून पुसू नये.

प्रथम पाते उजेडात धरून धारेला तडा आहे काय, ते पाहावे. तडा असेल, अथवा गंजाचे खोल खड्डे थेट धारेवरच असतील, तर धार लावण्याचा हट्ट सोडून वस्तरा आठवण म्हणून जपावा. पाते धड असल्यास धारेवर चिकटपट्टी लावावी व शिवणयंत्राचे तेल पात्यावर रात्रभर राहू द्यावे. सकाळी सैल झालेला गंज फडक्याने निघतो. उरलेल्यासाठी बाजारात मिळणारा वॉटर पेपर घ्यावा. ४०० नंबरापासून आरंभ करून क्रमाने ६००, १००० व २००० पर्यंत जावे. पाते सपाट फळीवर टेकवावे आणि हात नेहमी पाठीकडून धारेकडे न्यावा. उलट नेल्यास बोट कापते. काळा डाग राहिला तर राहू द्यावा. खरवडलेले पोलाद परत येत नाही.

घाई करणारे म्हणतील, यंत्राच्या चाकावर धरले तर हे काम पाच मिनिटांचे आहे. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने आजोबांचा वस्तरा धार लावून देणाऱ्या एका दुकानात दिला. तो आरशासारखा चकचकीत होऊन आला. मात्र धारेलगत निळसर झाक उमटली होती. ती झाक म्हणजे पाते तापून त्याचे पाणी उतरल्याची खूण. अशा पात्याला लावलेली धार टिकत नाही. हाताने केलेल्या कामात पाते तापत नाही, आणि दोन-तीन संध्याकाळी गेल्या तरी पाणी शाबूत राहते.

मुठीकडेही लक्ष द्यावे. ती शिंगाची असेल तर पाण्यात भिजवू नये. तेलाचा हलका हात पुरे. घासल्यावर कापराचा वास आल्यास ती सेल्युलॉइडची समजावी. तिला विस्तव दाखवू नये. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्याच्या वाफेनेच पाते गंजते. तशी मूठ बदलणे बरे.

शेवटी धार. निसणा अगदी सपाट असावा. वस्तऱ्याची पाठ व धार दोन्ही त्याला एकाच वेळी टेकवाव्यात. पाठीच्या जाडीनेच धारेचा कोन ठरतो, ही जुन्या कारागिरांची युक्ती. दगडावर धार पुढे करून चालावे आणि टोकाला पोहोचल्यावर पाते पाठीवरून उलटावे. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे व धार मागे; नाहीतर चामडे चिरले जाते. पट्ट्यावर चाळीस-पन्नास फेऱ्या पुरेत. धरलेला केस लागताच तुटला की वस्तरा सिद्ध झाला. पावसाळ्यात तो पुसून, तेलाचा हात देऊन कोरड्या कपड्यात ठेवावा आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. ज्यास हौस असेल त्याने त्याने स्वतःचीच दाढी करावी.

दरवर्षी तुकोबांची पालखी पुणे सोडून सोलापूर रस्त्याने आपल्या गावावरून पंढरीस जाते आणि वारीच्या वाटेवर गावोगावचे नाभिक बांधव वारकऱ्यांची दाढी विनामूल्य करतात. या सेवेचा वारसा आपल्या घरी कोणाकडून आला, हे मुलांना ठाऊक असले पाहिजे. म्हणून आमची विनंती अशी की, या दिवाळीच्या सुटीत प्रत्येक घराने माळ्यावरची धोकटी खाली काढावी. वस्तरा कोणी व कोठे वापरला, हे घरातील वृद्धांस विचारून एका कागदावर लिहावे व तो कागद त्याच्यासोबत ठेवावा. पोलादावरचा गंज पुढील वर्षीही निघेल. सांगणारी माणसे मात्र वाट पाहत थांबणार नाहीत.

 जय सेना महाराज!