नळीच्या वाटेने



वर्धा जिल्हा गांधी-विनोबांचा. १९३६ साली गांधीजी सेगावात राहायला आले. पुढे सेवाग्राम झालेल्या त्याच गावात कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. शेतकऱ्याने ज्वारी द्यावी आणि उपचारांचा विमा मिळवावा, अशी योजनाही या संस्थेने चालवली. पलीकडे सावंगीला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे.

ठिकठिकाणांहून आलेल्या शल्यचिकित्सक, कर्करोगतज्ज्ञ आणि परिचारिका पाहुण्यांपुढे एवढे कौतुक पुरे झाले असते. पण याच मुलखात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून खर्रा घोटला जातो. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी आली, खर्रा मात्र घोटला जातोच आहे. वर्षानुवर्षे तो गालात धरणाऱ्याचे तोंड आखडत जाते, पुढे दोन बोटेही आत जात नाहीत. गालफडाचा कर्करोग झाला की घास गिळणे अवघड होते आणि नळी लागते, कधी नाकातून, तर कधी थेट पोटातून.

पोटातली ही नळी दुर्बिणीने बसवण्याची युक्ती १९७९ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की यांनी एका तान्ह्या बाळासाठी काढली. पोट फाडावे लागत नाही, म्हणून ती जगभर रुजली. तिच्या रूढ पद्धतीत पोटातून आत सोडलेला दोरा तोंडातून बाहेर काढतात, त्याला नळी बांधतात आणि दोरा पोटाकडून ओढतात. म्हणजे नळी तोंड, घसा, अन्ननलिका असा प्रवास करून पोटाच्या भोकातून बाहेर येते. वाटेत गाठ असेल तर नळी तिला घासूनच जाते.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका अभ्यासात अशी नळी ओढल्यावर लगेच ४० पैकी ९ रुग्णांच्या नळीवर कर्करोगाच्या पेशी सापडल्या. पेशी चिकटणे म्हणजे रोग रुजणे नव्हे, हे खरे. पोटाच्या भोकाशी गाठ उगवल्याच्या नोंदी शंभरात एकाहूनही कमी आहेत. शिवाय तोंडाला न लागता घातलेल्या नळीपाशीही ती क्वचित आढळली आहे, त्यामुळे रक्तावाटे पेशी पोचत असाव्यात असेही काही तज्ज्ञ मानतात. तेव्हा या भीतीपोटी कुणाची नळी अडवणे म्हणजे उपाशी माणसाच्या पुढ्यातले ताट काढून घेणे होईल.

गाठ अजून तोंडात असेल तर पोटाच्या बाजूनेच नळी घालण्याची पद्धत निवडता येते. तोंड उघडत नसेल तर बहुधा तीच सोयीची पडते. गाठ काढल्यानंतर नळी बसवता आली तर तेही चांगले. हा निर्णय रुग्णालयात होतो. पण त्यापुढचे महिने रुग्ण गावात काढतो.

तिथे सून किंवा बायको पेज गाळून पिचकारीने हळूहळू सोडते, मग नळी पाण्याने धुते. भोकाभोवती लालसर मांस वाढलेले पहिल्यांदा तिलाच दिसते. बहुतेक वेळा ते साधे असते, औषध लावून भाजले की जाते. पण भाजूनही पुन्हा वाढले, टणक लागले, रक्त येऊ लागले, तर त्याचा तुकडा तपासायला पाठवायचाच. सुटी देताना कार्डावर नळी कोणत्या पद्धतीने घातली आणि भोकाची कोणती खूण दिसताच परत यायचे, या दोन ओळी लिहायला एक मिनिटही लागत नाही.

ही खूण गावातच ओळखायची आहे. म्हणूनच स्वागत समितीने गावोगावच्या आशाताईंना या सभागृहात पुढच्या रांगेत बसवले आहे. पहिल्या सत्रात त्या बोलतील. वऱ्हाडीत बोलतील, आणि नळीच्या भोकापाशी गावात काय काय लावले जाते, तेही सांगतील.