जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार गांवकरी वर्गणीनें करतात. मोटारीचा जीर्णोद्धार मात्र बहुधा एकट्या माणसाला पदरच्या पैशांनीं आणि आपल्या रविवारांनीं करावा लागतो. इंग्लंडमध्यें हा छंद चांगलाच रुजलेला आहे. घराशेजारचें एका गाडीपुरतें गॅरेज, भिंतीवर टांगलेले पाने आणि मधोमध चाकें काढून आधारांवर चढविलेली, उघड्या टपाची एखादी स्पोर्ट्स मोटार, हें दृश्य तेथें नवलाचें नाहीं. ती मोटार पुष्कळदां एम. जी. बी. असते.

ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गांवीं ही मोटार १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत होती. बंद छपराचा प्रकार धरून पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. तिचे सुटे भाग आजहि मिळतात, त्याचें मुख्य कारण ही संख्याच होय. इंजिन १७९८ घनसेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें, आणि रचना अगदीं साधी. बॉनेट उचलतांच बहुतेक अवयव डोळ्यांना दिसतात व हाताला लागतात. नवशिका यावरच भुलतो. इंजिन एकदां नीट केलें कीं गाडी झाली, असें त्याला वाटतें. खरा शत्रु इंजिनांत नसतो. तो पत्र्यांत दडलेला असतो.

या गाडीला वेगळी चासी नाहीं. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. दोन्ही दारांखालून, पुढल्या चाकापासून मागल्या चाकापर्यंत, एक पोकळ उंबरा जातो. बाहेरचा पत्रा, आंतला पत्रा आणि त्यांच्या मधला पत्रा असे सर्व एकत्र जोडून तो बनलेला असतो. वर छप्पर नसल्यामुळें गाडी मधोमध वाकूं न देण्याचें काम मुख्यतः या दोन उंबऱ्यांना करावें लागतें. चाकांनीं उडविलेला चिखल व पाणी पोकळींत शिरतें, आणि गंज आंतून बाहेर खात येतो. रंगावर फोड दिसूं लागतात, तेव्हां आंतला पत्रा बहुधा संपलेलाच असतो. विकाऊ गाडींत कुजलेल्या उंबऱ्यावर नवा पत्रा चढवून वर झुळझुळीत रंग देण्याची लबाडीहि चालते. तळाला चुंबक लावून आणि स्क्रूड्रायव्हरनें टोंचून पाहणारा गिऱ्हाईक विकणाऱ्याला आवडत नाहीं, तो यामुळेंच.

येथेंच सर्वांत मोठी चूक होते. उत्साहाच्या भरांत दोन्ही बाजूंचे उंबरे एकदम कापले, तर आधार गेलेली पेटी मधोमध किंचित् खचते. डोळ्यांना तें कळत नाहीं. नवा पत्रा वेल्डिंगनें पक्का होतो, रंग वाळतो, आणि मग दार लावावयास जावें तों तें लागतच नाहीं! केलेलें सर्व काम पुन्हां कापण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. जाणता कारागीर आधीं आधारांची पातळी मोजतो, दाराच्या चौकटींत लोखंडी आडवे दांडे ठोकून घेतो, एका वेळीं एकच बाजू कापतो, आणि प्रत्येक जोडापूर्वीं दार टांगून त्याच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे कीं नाहीं तें पाहतो. एका बाजूला महिने लागले तरी तो घाई करीत नाहीं.

ज्यांना हें नको, त्यांना दुसरी वाट आहे. जुन्या कारखान्याचे मूळ साचे हुडकून ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ या संस्थेनें १९८८ पासून या गाडीची संपूर्ण नवी पेटी बनविण्यास आरंभ केला. जुनें इंजिन, जुनीं चाकें, नवी पेटी. मग ती गाडी जुनी कीं नवी, हा वाद हौशी मंडळींत रंगतो. ठिगळ लावलेली गाडी दिसायला उणी असली तरी खरी अधिक, असें म्हणणाऱ्यांची बाजू बळकट वाटते. पण ज्याचें अर्धें अंग गंजानें गेलें, त्याला हा उपदेश करणें सोपें आहे.

कार्बुरेटरचें काम मात्र आनंदाचें. या गाडीला बहुतेक वर्षीं ‘एस. यू.’ जातीचे दोन कार्बुरेटर असत. तो शोध लावणाऱ्या स्किनर बंधूंचें घराणें जोड्यांच्या व्यापारांतलें, आणि अगदीं पहिल्या नमुन्यांत कातड्याचा भाता होता! पुढें त्याची जागा धातूच्या पिस्टननें घेतली. इंजिन जितकी हवा ओढील तितका पिस्टन वर उठतो, आणि त्याला लावलेली निमुळती सुई त्या प्रमाणांत पेट्रोलला वाट देते. इंजिन बंद असतां पिस्टन बोटानें उचलून सोडला कीं ‘टक्’ असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. न आल्यास सुई कोठें तरी घांसते असें समजावें. दोन्हीं कार्बुरेटर सारखी हवा ओढतात कीं नाहीं, हें पाहण्यास रबरी नळीचें एक टोंक कानाशीं व दुसरें आळीपाळीनें दोन्ही मुखांशीं धरतात. दोन्हींकडला फुत्कार एकसारखा ऐकूं येईपर्यंत स्क्रू फिरवावयाचे. कान तयार असला म्हणजे यंत्राची गरज भासत नाहीं.

काळाबरोबर आलेल्या अडचणी निराळ्याच. ब्रिटनमध्यें १ जानेवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली. व्हॉल्व्हच्या बैठकींना त्या शिशाचें संरक्षण मिळत असे. म्हणून आतां इंजिन उघडलें कीं कठीण पोलादाच्या बैठका बसवून घेतात. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असूं शकतो. ती धूळ कोणीहि फुंकरीनें उडवूं नये. गाडीचीं नटें इंचाच्या मापाचीं असतात, मिलिमीटरच्या पान्यानें त्यांचे कोपरे झिजतात, आणि मग छिन्नी घ्यावी लागते.

२० मे २०१८ पासून ब्रिटनमध्यें चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक सरकारी तपासणीची सक्ति उरली नाहीं. गाडी रस्त्यास योग्य ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकावर कायम आहे. पुष्कळ मालक ही तपासणी आपण होऊन करवून घेतात. पहिल्यांदा फाटकाबाहेर पडण्यापूर्वीं घरांतलें कोणी तरी ब्रेकच्या पायटीवर पाय दाबून बसतें, आणि मालक विजेरी घेऊन गाडीखालीं सरकतो; ब्रेकच्या नळ्यांचा एकेक सांधा तो बोटानें पुसून पाहतो, ओलावा लागतो कीं काय म्हणून.