खापरपणजोबांची पेन्शन

घराण्याचा इतिहास म्हटला की आपल्याला सनदा, इनामं, वाडे आठवतात. पण ज्याच्याकडे ना जमीन होती ना वाडा, अशा साध्या शिपायाचा माग दोनशे वर्षांनी लागू शकतो का? स्कॉटलंडमध्ये तो बऱ्याचदा लागतो. त्या मागाची एक वाट आपल्या जालना जिल्ह्यातूनही जाते.

जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी मोठी लढाई झाली. एका बाजूला शिंदे-भोसल्यांच्या फौजा, दुसरीकडे आर्थर वेलस्लीचं सैन्य. त्या सैन्यात ७४वी आणि ७८वी अशा दोन स्कॉटिश पलटणी होत्या. ७४वी पलटण वाट चुकून थेट असई गावासमोर, तोफांच्या तोंडी गेली. तिच्यातले बहुतेक जण मारले गेले किंवा जखमी झाले. समजा, त्यातला एक जखमी शिपाई पुढे मायदेशी परतला. आज त्याचे वंशज त्याला कसे शोधतील?

हा शोध नेहमी आजपासून मागे जातो. स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची सक्तीची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ रोजी सुरू झाली. तिथल्या विवाहाच्या दाखल्यावर वधू-वरांच्या वडिलांचं नाव आणि व्यवसाय तर असतोच, पण आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट असतं. मृत्यूच्या दाखल्यावरही मृताच्या आई-वडिलांची नावं मिळतात. म्हणजे शिपायाच्या मुलीचा १८५६ सालचा विवाहाचा दाखला मिळाला आणि वडिलांच्या व्यवसायासमोर ‘लष्करी पेन्शनर’ असं दिसलं, की धाग्याचं टोक हाती आलं.

आईच्या माहेरच्या नावाचं महत्त्व फार मोठं आहे. स्कॉटलंडमध्येही थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची चाल होती. त्यामुळे एकाच गावात एकाच नावाचे चार-पाच चुलतभाऊ निघतात. त्यातला आपला कोणता, हे पुष्कळदा बायकोच्या माहेरच्या आडनावावरूनच ठरतं.

पुढची पायरी खानेसुमारीची. १८४१च्या खानेसुमारीवर फार विसंबता येत नाही. पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं तिच्यात साधारणपणे पाचाच्या पटीत उतरवून लिहिली आहेत आणि जन्माचं गावही दिलेलं नाही. १८५१ची खानेसुमारी मात्र जन्माचं गाव सांगते. शिवाय मुलांचे जन्म कुठे झाले तेही सांगते. म्हातारा बाप स्कॉटलंडचा आणि घरातल्या थोरल्या मुलीचा जन्म आयर्लंडमधला, असं आढळलं तर बापाची पलटण तेव्हा तिथे होती का, हे तपासता येतं.

व्यवसायाच्या रकान्यात पुष्कळदा ‘चेल्सी पेन्शनर’ असे शब्द असतात. इथे अनेकांची फसगत होते. लंडनमधलं चेल्सीचं रॉयल हॉस्पिटल राजा दुसरा चार्ल्स याने १६८२ मध्ये म्हाताऱ्या आणि जायबंदी सैनिकांसाठी स्थापन केलं. पण सगळेच चेल्सी पेन्शनर तिथे राहत नसत. बहुसंख्य आपापल्या गावी राहत आणि पेन्शन मिळवत. म्हणून चेल्सीचं नाव दिसलं, तरी आपला माणूस स्कॉटलंडमधल्या एखाद्या खेड्यातच असू शकतो.

गाव आणि पलटण कळली, की शोध स्कॉटलंडबाहेर जातो. कारण सैन्य ब्रिटनचं, त्यामुळे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. १७६०पासून पेन्शनवर निवृत्त झालेल्या सैनिकांचे सेवामुक्तीचे कागद तिथे आहेत. भरतीच्या वेळचं वय, जन्मगाव, आधीचा धंदा, किती वर्षं नोकरी झाली आणि ती का संपली, हे त्यावर लिहिलेलं असतं. पुष्कळदा उंची, केसांचा आणि डोळ्यांचा रंगही असतो. ज्याची तसबीर कुणी कधी काढली नाही, त्याचा चेहरा असा एका कारकुनाच्या अक्षरात उमटतो. कुठली जखम, कोणत्या लढाईत, हेही कधी तिथेच सापडतं. पेन्शन मिळायची तर जखमेची नोंद व्हायलाच हवी होती! आणखी एक पुरावा पदकाचा. असईसारख्या लढायांसाठीचं पदक १८५१ मध्ये, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानंतर दिलं गेलं, तेही तोवर हयात असलेल्यांनाच.

यातच या शोधाची दुखरी बाजू आहे. कागद उरले ते पेन्शन घेणाऱ्यांचे. जो असईच्या रानात पडला, त्याचा सेवामुक्तीचा कागद कधी तयारच झाला नाही. पलटणीच्या हजेरीपटात एका तिमाहीत त्याचं नाव असतं, पुढच्या तिमाहीत नसतं. त्याच दिवशी वेलस्लीच्या बाजूने लढलेल्या मद्रासी शिपायांची अशी व्यक्तिगत कागदपत्रं फारच थोडी मिळतात. शिंद्यांच्या गोलंदाजांचं तर काय सांगावं? तोफेजवळून न हटता ते तिथेच पडले, पण त्यांच्या वंशजांनी कुठल्या दप्तरात शोधायचं?

सरकारने शिपायाची आठवण म्हणून हे कागद जपले, असं समजू नका. ठरावीक मुदतीने पैसे मोजायचे होते, म्हणून माणूस नेमका ओळखणं भाग होतं. हिशेबासाठी ठेवलेली नोंदच पुढे त्याच्या नातवंडा-पतवंडांची ठेव झाली.

आपल्याकडे सातारा, कोल्हापूर, कोकण या भागांत फौजी पेन्शनरांची घरं पुष्कळ आहेत. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचं पेन्शनचं पुस्तक किंवा सेवामुक्तीचा कागद असेल. तो जीर्ण झाला म्हणून रद्दीत घालू नका. एकदा उघडा, वाचा आणि घरातल्या लहान मुलाला वाचून दाखवा. आजोबांची उंची किती होती, हे कदाचित त्याला तिथेच कळेल.