आधीं अंकुर, मग पीक
[आकाशवाणीवरील भाषण]



ज्यानें सारा जन्म मुलांना व्याकरण शिकविण्यांत घालविला त्या मास्तरानें 'वेब सिरीज' या विषयावर बोलावें, हें आपणांस थोडें विचित्र वाटेल. मलाही वाटलें होतें. पण गेल्या वर्षीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला आणि या विषयानें माझ्या ओसरीवर ठाणच मांडलें.

या मुलानें तालुक्याच्या एस. टी. स्थानकावरील कँटीनच्या कथा लिहिल्या होत्या. त्यांचे दहा भाग करावयाचे, ते यूट्यूबवर घालावयाचे आणि कोणा वाहिनीच्या दारांत उभें राहावयाचें नाहीं, असा त्याचा बेत होता. पैसे कोठून आणणार, असें विचारतां तो म्हणाला, "गुरुजी, आई पाटल्या देते म्हणते. दादासाहेब फाळक्यांनीं नाहीं का बायकोचे दागिने गहाण ठेवले?"

दाखला खरा होता, पण अर्धा होता. फाळके आपलीं विमापत्रें गहाण टाकून १९१२ सालीं विलायतेस गेले व चित्रणाचें यंत्र घेऊन आले, हें खरें. परंतु 'राजा हरिश्चंद्र' हातीं घेण्यापूर्वीं त्यांनीं एक लहानसें काम केलें. कुंडींत वाटाणा पेरला, अंकुर फुटून रोप वाढेपर्यंत त्याचें थोडें थोडें चित्रण केलें आणि तो इवलासा चित्रपट निवडक लोकांना दाखविला. तो पाहून भांडवल देणारे पुढें आले. मग १९१३ च्या मे महिन्यांत 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशनमध्यें लागला. आपण दागिन्यांची गोष्ट तेवढी लक्षांत ठेवतों; वाटाण्याची विसरतों.

हाच धडा दूरच्या अमेरिकेंतही पाहावयास मिळतो. फेलिशिया डे या नटीनें २००७ सालीं 'द गिल्ड' नांवाची मालिका यूट्यूबवर सुरू केली. संगणकावर एकत्र खेळणाऱ्या सहा जणांची ही विनोदी कथा. पहिले तीन भाग तिनें व तिच्या सोबत्यांनीं पदरमोड करून काढले. पैसे संपले, तेव्हां पाहणाऱ्यांनींच स्वेच्छेनें देणग्या धाडल्या व त्यांवर पहिल्या पर्वाचे पुढील भाग उभे राहिले. २००८ मध्यें मायक्रोसॉफ्टशीं करार झाला तो त्यानंतर. आणि करार होऊनही कथेची मालकी तिनें आपल्याकडेच राखली. पुढें मालिकेचीं सहा पर्वें झालीं. आपल्याकडे २०१४ सालीं टी. व्ही. एफ. या संस्थेची 'पर्मनंट रूममेट्स' ही हिंदी मालिका आली. तिला आश्रय दिला तो घरें शोधून देणाऱ्या एका कंपनीनें. एका तरुण जोडप्याच्या संसाराची ती कथा. तिच्यांत घराची जाहिरात परकी वाटली नाहीं. आश्रयदाता शोधावयाचा तर तो कथेच्या नात्यांतला असावा, इतकेंच यांतून घ्यावयाचें.

मग आम्हीं दोघांनीं पाटी घेऊन हिशेब मांडला. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नांत वाटा हवा असेल तर एक हजार सदस्य व बारा महिन्यांत चार हजार तास पाहिलें गेल्याची नोंद लागते. चार हजार तास म्हणजे दोन लक्ष चाळीस हजार मिनिटें. भाग दहा मिनिटांचा धरला, तर तो चोवीस हजार वेळां शेवटपर्यंत पाहिला गेला पाहिजे. त्यानंतर जाहिरातींच्या शंभर रुपयांतील पंचावन्न करणाऱ्याला. हा आकडा पाहून मुलगा गप्प झाला. मीं त्याला म्हटलें, "बाळ, पाटल्या या हिशेबांत बसत नाहींत. तीन भाग कर. आधीं अंकुर दाखव."

प्रसिद्धीविषयींही लोकांचा एक भ्रम असतो. सारा पैसा चित्रणांत घालवावा आणि काम संपल्यावर जगास ओरडून सांगावें, असें त्यांना वाटतें. वस्तुतः ही कथा कोणाची, हें ठरलें कीं अर्धी प्रसिद्धि झाली. कँटीनची कथा आधीं चालक-वाहकांनीं व पासवाल्या विद्यार्थ्यांनीं पाहावी. भाग ठरलेल्या वारींच यावा. एक मिनिटाचा वेंचा काढून तो मोबाइलवरून धाडावा. संगीत दुसऱ्याचें उचलूं नये. हक्काचा दावा आला कीं उत्पन्न त्याच्याकडे जातें. संवादांच्या ओळी खालीं लिहाव्या, म्हणजे गोंगाटांतल्या माणसालाही कथा समजते. चित्र थोडें अंधुक चालेल. शब्द अस्पष्ट चालत नाहीं. आणि पाहणाऱ्यानें पत्र धाडलें तर उत्तर द्यावें.

मुलानें मोबाइलवरच तीन भाग केले. एकांत मींही मास्तर झालों. तीन वाक्यांसाठीं नऊ वेळां चुकलों. पहिल्या महिन्यांत एका भागास चारशें प्रेक्षकही मिळाले नाहींत, आणि मुलगा खिन्न झाला. पण त्या चारशेंत एक वाहक होता. त्यानें लिहिलें, "तिकिटांची पेटी आणि टकटक वाजणारा चिमटा आतां कोठें राहिला? आमच्या हातांत यंत्र असतें." ती चूक जुन्या आठवणीवरून मींच सुचविलेली होती. मुलानें ती चौथ्या भागांत विनोदानें कबूल केली. त्या वाहकानें तो भाग साऱ्या आगारांत फिरविला. चौथ्या भागाचा थोडा खर्च पाहणाऱ्यांनींच वर्गणी करून दिला आहे. पीक अजून दूर आहे. अंकुर मात्र दिसला.

जातां जातां एक कबुली देतों. हाच मुलगा सातवींत असतांना त्याची नाटुकल्यांची वही मीं वर्गांत जप्त केली होती, आणि ती परत करावयाची राहूनच गेली. त्याला ती आठवत होती. बोलला मात्र नाहीं. परवां त्याची आई देवळांत भेटली. पाटल्या तिच्या हातांतच होत्या. तें पाहून मला वाटलें, वहीचें थोडें ऋण फिटलें.